पृथ्वीच्या मध्यापासून

आमच्या भिवंडीत माणसं मोठ्याने बोलतात. बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटतं, घरात भांडण चाललंय. पण निजामपुऱ्याच्या ज्या गल्लीत आम्ही राहायचो तिथे खाली कापडाचे लूम, शेजारी लूम, समोर लूम. हळू बोलणाऱ्याचं तिथे ऐकणार कोण? लाइट गेली आणि खटखट थांबली की माझी आई स्वयंपाकघरातून दचकून विचारायची, "काय झालं रे?" काही झालेलं नसायचं. नुसतं शांत झालेलं असायचं.

अशा गावात शिकवणाऱ्याला घसा लागतो. आमच्या फिजिक्सच्या सरांना तो होता. कॉलेज सुटल्यावर ते एका कारखान्याच्या माळ्यावर बारावीचा क्लास घ्यायचे. पायाखाली लूम चालू, फळ्याखालची खडूची पूड आपोआप थरथरायची. एवढ्या आवाजात लांब वाक्य शेवटच्या बाकापर्यंत पोचायचं नाही; कर्ता पोचायचा, क्रियापद वाटेत हरवायचं. म्हणून सरांनी सगळं फिजिक्स दोन-दोन शब्दांत बसवलं होतं. भिंगाचं गणित आलं की सर ओरडायचे, "चिन्ह बघा!" उत्तर आलं की, "एकक लिहा!" आणि उपग्रहाचं गणित आलं की फळ्यावर डस्टर आपटून, "वजा करा!" मुलं मराठी माध्यमातली, उर्दू माध्यमातली, एक-दोन गुजरातीही; सगळ्यांना इंग्रजी सारखंच अवघड. पण सर ओरडले की आम्ही सगळे एका सुरात ओरडायचो, "वजा करा!" आणि ते मात्र लूमच्या वर ऐकू जायचं. आरोळीत जर-तर बसत नाही, ही गोष्ट तेव्हा कुणाच्या ध्यानात आली नाही.

त्या क्लासमध्ये मी आणि माझी ताई एकाच बाकाच्या दोन टोकांना बसायचो. ताई माझ्याहून वर्षाने मोठी, पण दहावीच्या वर्षी काविळीने तिचं वर्ष गेलं आणि ती माझ्या वर्गात आली. नातेवाइकांना यात फार मजा वाटायची. "काय गं, धाकट्याने गाठलं की तुला!" असं प्रत्येक लग्नकार्यात कुणीतरी म्हणणारच. ताई हसायची. मला मात्र त्या लोकांचा राग यायचा, कारण गाठणं तर सोडाच, मी तिच्या मागे धापा टाकत होतो. गणितात माझा हात झरझर चालायचा, लॉगच्या तक्त्यात माझं बोट तिच्या आधी पोचायचं. पण काय चाललंय ते कळायचं ताईला. मला उत्तर यायचं, तिला गणित यायचं.

ही ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. टीव्हीवर बातम्या संपताना ढगांचं चित्र दाखवायचे, उपग्रहाने वरून काढलेलं. आम्ही ते घरमालकिणीच्या खोलीत दाटीवाटीने बसून बघायचो. बाकीचे पाऊस कुठे आहे ते बघायचे; ताई विचारात पडायची की हा फोटो काढणारा रोज त्याच जागेवरून कसा काय काढतो. सरांनी ते प्रकरण शिकवलं त्या दिवशी ती घरी येऊन जेवायलाही बसली नाही. मला आणि आमच्याकडेच राहणाऱ्या आत्याला भिंतीला टेकवून बसवलं आणि समजावायला लागली. आत्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ती शेंगा सोलत बसली होती, त्यामुळे तिला उठताही येईना.

ताईचं म्हणणं असं, की उपग्रह वर लटकलेला नसतोच, तो सारखा पडत असतो. पण पडता पडता पुढेही इतक्या वेगाने जातो की खालची जमीन त्याच्यासमोरून वाकून निघून जाते, आणि त्याचं पडणं काही संपत नाही. त्याला बांधणारी दोरी म्हणजे पृथ्वीची ओढ. जितकं लांब जाल तितकी ओढ कमी. अंतर दुप्पट केलं तर ओढ चौथाई. म्हणून लांबचा उपग्रह सावकाश फिरतो. अगदी जवळचा दीड तासात चक्कर संपवतो, चंद्राला महिना लागतो. "मग मध्ये कुठेतरी," ताई म्हणाली, "एक जागा असलीच पाहिजे, जिथे चक्कर मारायला बरोबर एक दिवस लागेल. पृथ्वीही तेवढ्याच वेळात फिरते. मग तो आपल्या डोक्यावर एकाच ठिकाणी उभा दिसणार की नाही?"

"दिसेल बाई," आत्या म्हणाली.

"आणि ती जागा कुणी ठरवू शकत नाही, आत्या. सरकारने म्हटलं, जरा अलीकडे ठेवा, तर नाही जमणार. एकच अंतर आहे. आणि ते काढायला काय लागतं? इथे खाली दगड किती जोरात पडतो, पृथ्वी केवढी आहे, आणि दिवस केवढा आहे. बस. निजामपुऱ्यात बसून काढता येतं!"

हे सांगताना तिचा चेहरा असा झाला होता की मला जरा ओशाळल्यासारखं वाटलं. मला त्या गणितात फक्त आकडे दिसले होते. जमिनीवरच्या गुरुत्वाला पृथ्वीच्या त्रिज्येच्या वर्गाने गुणायचं, दिवसातल्या सेकंदांच्या वर्गाने गुणायचं, ‘पाय’च्या वर्गाच्या चौपटीने भागायचं आणि आलेल्या राक्षसी आकड्याचं लॉगने घनमूळ काढायचं. बेचाळीस हजार तीनशे किलोमीटर. हे मी वर्गात सगळ्यांच्या आधी काढायचो. पण हे अंतर पृथ्वीच्या मध्यापासूनचं. कारण पृथ्वीची ओढ, ताई म्हणायची, सगळा हिशेब मध्यापासून करते, आपल्या अंगणापासून नाही. आपल्याला उपग्रहाची जमिनीपासूनची उंची हवी असेल तर त्यातून पृथ्वीची त्रिज्या, चौसष्टशे किलोमीटर, वजा करायची. मग येतात ते छत्तीस हजार, जे वर्तमानपत्रात छापून यायचे. जुन्या बोर्डाच्या पेपरांत दर वेळी ही उंचीच विचारलेली असायची, म्हणून सरांची ती आरोळी.

आणि मी दर वेळी वजा करायला विसरायचो. दर वेळी म्हणजे दर वेळी. घनमूळ सगळ्यांच्या आधी निघालं की मला इतका आनंद व्हायचा की मी पेन खाली ठेवून इकडे-तिकडे बघत बसायचो. सर माझी वही उचलायचे आणि सगळ्या वर्गाला दाखवायचे. "हा अजून धरतीच्या पोटात बसलाय! अरे, बाहेर ये, गुदमरशील!" वर्ग हसायचा. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय. ताई घरी माझ्याकडून तेच गणित पुन्हा पुन्हा करून घ्यायची आणि शेवटच्या ओळीला माझ्या मनगटावर चिमटा काढायची. चिमटा बसला की मी वजा करायचो.

बारावीनंतर काय, हे बाबांनी आधीच ठरवून टाकलं होतं. बाबा कचेरीत कारकून. दोघांनाही बाहेरगावी हॉस्टेलवर ठेवून इंजिनियर करणं आमच्या घराला झेपणार नव्हतं. आत्याच्या आणि आईच्या मते यात ठरवण्यासारखं काहीच नव्हतं, मुलगा जाईल. पण बाबा म्हणाले, "नाही. ज्याचे गुण जास्त तो जाईल. दुसऱ्याने इथे राहून बी.एस्सी. करायचं." त्या काळात आमच्या गल्लीत असं बोलणारा बाप दुसरा नव्हता. मला बाबांचा अभिमान वाटला, आणि थोडी सुटकाही वाटली, कारण गुण कुणाचे जास्त येणार हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. ताईने तर बाहेरगावच्या इंजिनियरिंग कॉलेजच्या माहितीपत्रकावरचं इमारतीचं चित्र कापून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं होतं. मी मनातल्या मनात भिवंडीतच राहायची तयारी केली होती, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलंही असतं.

फिजिक्सच्या पेपरात ते गणित आलं. आल्याआल्या मला हायसं वाटलं. मी झपाट्याने घनमूळ काढलं, बेचाळीस हजार तीनशे लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि पुढच्या प्रश्नाला लागलो. बाहेर आल्यावर झाडाखाली सगळी मुलं उत्तरं ताडून बघत होती. "छत्तीस हजार ना? थर्टी-सिक्स ना, भाई?" सगळ्यांचं छत्तीस. मी कपाळावर हात मारला. मनगटावर चिमटा काढायला कुणी नव्हतं. ताईच रडवेली झाली, माझ्यासाठी. "परत विसरलास? परत?" आणि मग लगेच, "जाऊ दे, रीत बरोबर असेल तर काही गुण देतात." घरी जाईपर्यंत ती माझी समजूत काढत होती.

निकाल लागला तेव्हा बाबा दोन्ही गुणपत्रिका घेऊन खिडकीशी उभे राहिले. बाकीच्या विषयांत ताई थोडी पुढे, थोडी मागे. पण फिजिक्समध्ये माझे गुण तिच्याहून जास्त होते. असं कधीच झालं नव्हतं. गणितं-शास्त्रं मिळून मी तिच्या दोन गुणांनी पुढे गेलो होतो. बाबांनी बेरीज पुन्हा केली. मग चष्मा पुसून पुन्हा केली. मी म्हणालो, "काहीतरी चूक आहे, बाबा."  ताईने बाबांच्या हातातून दोन्ही कागद घेतले आणि आईला दाखवायला आत गेली.

उलगडा सरांनी केला. ते संध्याकाळी बाबांना बाजारात भेटले आणि बाबांनी घरी येऊन सांगितलं. पेपर तपासणाऱ्यांच्या बैठकीत सरांच्या ओळखीचे एक जण होते. त्या वर्षी प्रश्नच वेगळा होता. उपग्रहाची उंची विचारलीच नव्हती. कक्षेची त्रिज्या विचारली होती, पृथ्वीच्या मध्यापासूनची. वजा करायचंच नव्हतं. आमच्या क्लासच्या झाडून सगळ्या मुलांनी वजा केलं होतं आणि शेवटच्या उत्तराचे गुण घालवले होते. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तशी सरांची गत. बरोबर उत्तर एकाचंच होतं. "याने प्रश्न वाचला," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद होता, आणि त्या आनंदाची त्यांनाच भीती वाटत असावी, कारण ते ताईकडे बघत नव्हते.

"मी नाही वाचला," मी म्हणालो. "मी विसरलो. नेहमीसारखा विसरलो."

आत्या म्हणाली, "बघा, विनय किती आहे पोरात."

"विनय कसला? ताईला विचारा! मी बाहेर येऊन कपाळावर हात मारला होता!"

सगळे ताईकडे वळले. तिने विळीवरची मेथी बाजूला सारली. "तेव्हा सगळ्यांचं छत्तीस ऐकून तू घाबरलास," ती शांतपणे म्हणाली. "आपलं एकट्याचं वेगळं आलं की कुणालाही तसंच वाटतं. पण लिहिताना तू वाचून लिहिलंस. असं म्हणू नकोस रे, माझ्यासाठी." आणि बाबांना म्हणाली, "ठरलं होतं ना, बाबा? ज्याचे गुण जास्त तो."

बाबा स्वतःच्याच नियमात अडकले होते. तो नियम त्यांनी तिच्यासाठी केला होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि आता मोडायचा तर तिच्यासाठीच मोडावा लागला असता. मी म्हणालो, मी जात नाही. आईने डोक्याला हात लावला. ताई म्हणाली, "म्हणजे मी तुझ्या दयेवर जाऊ?"  कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली होती, पण घरात सगळे कावळ्याचं कौतुक करत होते, आणि फांदीही.

दुसऱ्या दिवशी पेढे वाटायचे. आमच्याकडे पास झालेल्याने स्वतः घरोघरी जायचं, पेढा द्यायचा, मोठ्यांच्या पाया पडायचं. मी नुसता पास झालो नव्हतो, तर ‘इंजिनियर’ही झालो होतो. मी म्हटलं, मी एकटा जाऊन येतो. आई म्हणाली, दोघं पास झालात, दोघं जा. ताईने डबा घेतला, चांगली साडी नेसली आणि माझ्या पुढे जिना उतरली.

पहिलं घर खालच्या कारखान्याचं. मालक लूमच्या ओळींमधून बाहेर आले, हाताला लागलेला कापसाचा बुरा झटकला आणि पेढा तोंडात टाकत म्हणाले, "अरे वाह, इंजीनियर साहब! अब हमारी मशीनें भी आप ही ठीक करना!" मग ताईकडे वळून, "और बिटिया, तू तो इससे तेज थी ना?"

ताई हसून म्हणाली, "नहीं चाचा, इसने सवाल ध्यान से पढ़ा. हम सबने घटा दिया." आणि तिथेच, लूमच्या खटखटीत, तिने त्यांना उपग्रहाचं सगळं समजावलं. पृथ्वी म्हणून एक धाग्याची कांडी उचलली, त्याभोवती बोट फिरवलं, मध्यापासून किती आणि वरून किती ते दाखवलं. मालक मान डोलावत राहिले. मी म्हणालो, "चाचा, मैं भूल गया था, बस." ते खो खो हसले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. पाठीवर त्यांच्या हाताचा बुरा चिकटला.

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी तेच. प्रत्येक घरी कुणीतरी विचारायचं, आणि ताई सांगायची. तिच्या सांगण्यात रोज वर्गात कान देणारी, समजून घेणारी ती कुठेच नसायची. एक शहाणा भाऊ असायचा ज्याने सगळ्या गर्दीत एकट्याने प्रश्न वाचला. प्रत्येक घरी तो भाऊ आणखी शहाणा व्हायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की खाली उतरता तरी येतं, पण हिने शिडीच काढून घेतली होती. मी मध्येच ‘विसरलो होतो’ म्हणायचो, आणि लोक म्हणायचे, "किती साधा आहे!" दर घरी पेढे कमी होत होते आणि माझी लाज वाढत होती. मला तिचा रागही यायला लागला. हिला कळत नाही का मी खरं सांगतोय? ही मुद्दाम करतेय का?

पुढे नव्वदच्या दशकात मी सुट्टीला यायचो तेव्हा भिवंडीत कारखान्यांच्या छपरांवर केबलवाल्यांच्या छत्र्या आल्या होत्या. सगळ्या एकाच अंगाला तोंड करून बसलेल्या. त्या एकाच अंतरावरच्या उपग्रहांकडे टक लावून. मला त्यांच्याकडे मान वर करून बघवायचं नाही. तोवर मला कळलं होतं की ती मुद्दाम काहीच करत नव्हती. पण पेढे वाटायच्या दिवशी हे कळायला मला सरांच्या घरापर्यंत जावं लागलं.

सरांचं घर कारखान्यांपासून लांब, कल्याण रस्त्याच्या बाजूला होतं. तिथे लूमचा आवाज यायचा नाही. सरांना त्यांच्या घरात मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि ते इतक्या हळू बोलत होते की मला ते आजारी आहेत असं वाटलं. त्यांनी पेढा घेतला आणि खाल्लाच नाही, हातात धरून बसले. ताई पाया पडायला वाकली तेव्हा त्यांनी आशीर्वादाला उचललेला हात मध्येच थांबला. मग मी वाकलो.

"खरं सांग," ते मला म्हणाले. "वाचला होतास प्रश्न?"

ताई पटकन म्हणाली, "वाचला होता, सर. तो आपला उगाच—"

"त्याला सांगू दे."

मला वाटलं, आता तरी. हा एक माणूस तरी मला ओळखतो. "नाही, सर," मी म्हणालो. "विसरलो. नेहमीसारखा."

सर हसले नाहीत. विनय, साधेपणा, असलं काही बोलले नाहीत. त्यांनी मान हलवली. "मला वाटलंच होतं," ते म्हणाले. वर्षभर माझी वही उचलून वर्गाला दाखवणारा माणूस तो. त्याने क्षणभरही शंका घेतली नाही. मग ते ताईकडे वळले, आणि त्यांचा तो लूमवर मात करणारा आवाज इतका खाली गेला की मी पुढे झुकलो. "पोरी, तू माझं ऐकलंस. एवढीच तुझी चूक."

मला मोकळं वाटायला हवं होतं. शेवटी कुणीतरी माझ्यावर विश्वास ठेवला होता. पण मी ताईकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रडू नव्हतं. सकाळपासून ती ज्याच्या आधाराने घरोघर हसत फिरत होती ते कुणीतरी काढून घेतल्यासारखी ती उभी होती. आपल्यापेक्षा शहाणा जो होता तो पुढे गेला, हे ती सोसू शकत होती. त्यात न्याय होता, तिच्या त्या उपग्रहासारखा, जिथे असायला हवा तिथेच. ते सगळं नुसत्या विसरण्याने झालं, कशानेच झालं नाही, हे ती सोसू शकत नव्हती. आणि ते मी तिला सरांच्या साक्षीने, हट्टाने, पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. माझी लाज मला उतरवायची होती, आणि मी ती तिच्या अंगावर उतरवली होती.

सरांच्या बायकोने चहा आणला. आम्ही तो प्यायलो आणि निघालो.  रिक्षावाले ओरडत होते, कापडाच्या गाठींनी भरलेला टेम्पो वळणावर अडकला होता. आम्ही तो निघायची वाट बघत उभे राहिलो, तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "वाचला होता म्हणाला असतास, तर तुझं काय बिघडलं असतं रे?"

टेम्पो निघाला आणि आम्ही रस्ता ओलांडला.

शेवटचं घर आमच्या घरमालकिणीचं. खाडीकाठच्या शेतकरी घरातली बाई. राहनाळला त्यांच्या शेतात तेव्हा नुकतंच पहिलं गोदाम उभं राहत होतं. ताईवर तिचा फार जीव. तिने पेढा घेतला, माझ्या गालावरून हात फिरवला, आणि ताईला जवळ ओढून म्हणाली, "मंग तुजा काय झाला गो पोरी? तू तं त्याच्यापेक्षा हुशार हाय ना? आमाला काय ते कलत न्हाय."

दर घरी या प्रश्नाला ताई लगेच बोलायची. या वेळी ती डब्याचं झाकण लावत राहिली. झाकण नीट बसलेलं होतं, तरी लावत राहिली.

"काकी," मी म्हणालो, "मी प्रश्न नीट वाचला." माझा आवाज मलाच परका वाटला. एवढ्यावर ताईची ती गोष्ट उभी राहत नव्हती, हे माझ्या लक्षात आलं. अजून एक वाक्य लागणार होतं. मी ते म्हणालो. "ताईने घाई केली. तिने वाचलाच नाही."

लाजेने माझे कान तापले. मी ताईकडे बघितलं. तिचे खांदे खाली आले, चेहरा सैल झाला, आणि सकाळपासून पहिल्यांदाच ती खरोखरची हसली.

"हो ना, काकी," ती म्हणाली. "घाईच झाली माझी."